सकाळी सातची नदी

१

सोमवारी, १९ मेच्या सकाळी, चहात उंडो पाव बुडवत मी बावीस लेख तपासायला घेतले. अकराव्या लेखाशी पोचले आणि उंडो चहातच विरघळला, कारण अकरावा लेख मी आधी वाचला होता. चौथ्या क्रमांकावर.

मी आनंदी गांवस. जन्म गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या पाळीचा, संसार डिचोलीचा. पस्तीस वर्षं उच्च माध्यमिकला मराठी शिकवून निवृत्त झाले. घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात चुका काढत बसण्यापेक्षा बरं, म्हणून एका कॉलेजच्या उन्हाळी सत्रात लेखनकौशल्य शिकवते. सगळं ऑनलाइन, रोज दुपारी चार वाजता. समोर बावीस काळे चौकोन असतात आणि मधूनच एखाद्या चौकोनातून "मॅडम, नेटवर्क ना" असं ऐकू येतं. पूर्वी मुलांच्या पोटात दुखायचं, हल्ली त्यांचं नेटवर्क जातं. दुखणं एकच आहे.

शेवटचा लेख मी असा दिला होता: एक सकाळ, एक काम. कोणाचं तरी एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि लिहायचं. वर तारीख, वार, वेळ आणि ठिकाण घालायचं. हे चार रकाने माझा हट्ट. त्यावरून मुलं पाठीमागे मला 'पंचनामा मॅडम' म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

चौथा लेख साईशचा, सुर्ल्याचा मुलगा. अकरावा सिद्धीचा, नदीकाठच्या चोपड्याची मुलगी. दोन्हींत हे होतं:

"बुधवार. आमच्याकडे मासे खायचा वार. सकाळी सात वाजता नदी मागे हटली होती. धक्क्याच्या शेवटच्या पायरीखालीही चिखल दिसत होता. ती बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून तिसऱ्यांच्या शिंपल्या शोधत होती. आधी पायाने, मग हाताने. पायाच्या बोटांना शिंपली लागली की ती वाकायची. तिच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधली होती, जुन्या साडीच्या हिरव्या काठाची."

खरं सांगते, पस्तीस वर्षांत विद्यार्थ्याचं इतकं चांगलं लिखाण मी चार-पाचदाच वाचलं असेल. आणि आता ते एका सकाळीत दोनदा वाचत होते. शब्द न् शब्द तोच. फरक फक्त वरच्या तारखेत. साईशची तारीख बुधवार ७ मे, सिद्धीची बुधवार १४ मे.

कॉलेजच्या पोर्टलवर पाहिलं. साईशने लेख टाकला ८ मेला. सिद्धीने १५ मेला, शेवटच्या दिवशी.

प्राचार्य गोकुळदास सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तारीखच बोलते. जिचा लेख मागाहून आला तिने उचलला. शुक्रवारपर्यंत अहवाल द्या, मी नक्कल म्हणून शेरा मारतो."

हा शेरा म्हणजे काय, ते मला माहीत होतं. सिद्धीच्या पदवीचा हा शेवटचा विषय. जूनमध्ये बी.एड.ची यादी लागणार. नकलेचा शेरा पडला की विषय गेला, पदवी अडली, बी.एड.ची जागाही गेली. पहिल्याच तासाला मी सगळ्यांना विचारलं होतं, लिहायला का शिकायचं? एकवीस जणांनी 'क्रेडिटसाठी' असं प्रामाणिकपणे सांगितलं. सिद्धी एकटी म्हणाली होती, "माका टीचर जावंक जाय." तिला टीचर व्हायचं होतं.

२

त्याच संध्याकाळी सिद्धीला व्हिडिओवर बोलावलं. साडेचार आठवड्यांत पहिल्यांदा तिने कॅमेरा सुरू केला. बारीक चेहरा, तेल लावून घट्ट वेणी, मागे निळी भिंत आणि बंद जनेल. मे महिन्याच्या उकाड्यात खिडकी बंद कशाला, असा विचार मनात आला आणि गेला.

"सिद्धी, हा लेख तुझा?"

"माझाच, मॅडम."

"साईशचा तुझ्याआधी आठ दिवस आलाय."

ती रडली नाही. रडणाऱ्या मुलांचं मला सोपं जातं. गप्प बसणारी अवघड.

"कच्चं लिखाण? वही?"

"फोनारच लिहिलं. आणि फोनात तारीख दिसते ती पंधराचीच. त्याचा काय उपयोग?"

मुलगी हुशार होती. मी विचारलं, "बरं, लेखातली ती बाई कोण? तिला विचारलं तर ती सांगेल ना, कोण बघत उभं होतं ते?"

सिद्धीने बंद जनेलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तें विचारूं नकात, मॅडम."

"अगं, तुझं वर्ष जाईल."

"ठाऊक आहे. तरीपण नको."

मला राग आला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारं माणूस पाहिलं की मला राग येतो. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "लेख टाकण्याआधी कोणाला दाखवला होतास?"

"विनिताला. तुम्हीच जोडी लावली होती."

ते खरं होतं. दोघा-दोघांच्या जोड्या लावून, लेख पोर्टलवर चढवण्याआधी जोडीदाराला वाचायला द्यायचा, ही पद्धत मीच काढली होती. मला तिचा अभिमानही होता.

३

मंगळवारी सकाळी साईश. त्याने कॅमेरा लगेच लावला, नमस्कार केला, 'मॅडम, चहा झाला?' असंही विचारलं. मागे अंगणात तीन टिपर ओळीने उभे. अचानक त्यातल्या एकाचं इंजिन धडधडलं आणि मला काही ऐकू येईना.

"सॉरी मॅडम," तो ओरडला, "बाबा आहेत. खाण बंद, गाड्या उभ्या. बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी एकेक गाडी पाच मिनिटं चालू करून ठेवतात. एक झाली की दुसरी. मग पुसतात पण."

"रोज?"

"रोज. काय करणार? आमच्या गावात दुसरं आहे काय बघण्यासारखं?"

इंजिन थांबलं. मी विचारलं, "मग तू चोपड्याच्या नदीवर कसा पोचलास?"

"आजोळ आहे ना माझं. मे म्हटला की मामाकडे चार दिवस. सगुणमामा. विचारा त्यांना." विचारायच्या आधीच त्याने मामाचा नंबर पाठवला. पाठोपाठ एक फोटोही. "हा बघा, मॅडम. सात मे, सकाळी सात वाजून पाच मिनिटं. वेळ पण आली आहे खाली. त्या दिवशी मामा मला बाजारात नेणार होते, म्हणून लवकर उठलो."

फोटो खरा होता. साईश धक्क्यावर उभा, हाताची दोन बोटं वर. मागे चोपड्याची नदी, पलीकडे माड. त्याच्या कमरेशी एक होडी, धक्क्याच्या अगदी वरच्या पायरीला लागून बांधलेली. खाली कोपऱ्यात पिवळ्या आकड्यांत तारीख आणि वेळ.

मी सगुणमामांना फोन लावला. ते म्हणाले, "व्हय तर. चार दीस आसलो. फाटल्या म्हयन्यांत न्हय, याच म्हयन्यांत. सात तारखेक माझ्यावांगडा बाजारांत आयलो."

म्हणजे मुलगा त्या दिवशी, त्या वेळी, त्या जागी होता. पोर्टलही तेच म्हणत होतं. मी शेवटचा प्रश्न टाकला.

"ती बाई कोण होती रे?"

"कोण जाणे, मॅडम. थंयचीच असतली कोणी. नाव नाही विचारलं."

हे उत्तर सरळ होतं. ज्याच्याकडे सगळी उत्तरं होती तो साईश, आणि जी तोंड उघडायला तयार नव्हती ती सिद्धी. कोणाही शहाण्या माणसाने तिथेच अहवाल लिहून टाकला असता. पण मला एक गोष्ट खुपत होती. साडेचार आठवड्यांत साईशने जे जे लिहिलं त्यात 'निसर्गरम्य' हा शब्द येत होता. या लेखात तो एकदाही नव्हता.

४

विनिता पाळीची, माझ्याच माहेरची. तिला फोन केला तर चारदा कट झाला. पाचव्यांदा तिचा आवाज आला, वारा लागत असल्यासारखा.

"मॅडम, घरात नेटवर्क नाही. चढावर आलेय."

"सिद्धीचा लेख वाचलास?"

"वाचला. तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

"कसा वाटला?"

"बरो आसलो." मग ती म्हणाली, "माका रडू आलं."

"कोणाला पाठवलास?"

"ना, मॅडम." हे जरा पटकन आलं.

मी विषय बदलला. मुलांना सरळ विचारलं की ती दार लावून घेतात. म्हटलं, "आमच्या वेळी त्या चढावर करवंदं मिळायची. आता तुम्ही नेटवर्क वेचता. एवढ्या उन्हात रोज चालत येतेस?"

"चालत नाही हो. पाळीच्या चढावर एकच काडी येते. वर्गाला बसायचं तर सुर्ल्याच्या बाजूला जावं लागतं. साईश नेतो बाईकवर. त्याच्या हॉटस्पॉटवरच बसते मी."

फोन पुन्हा कट झाला. या वेळी तो तिने केला की नेटवर्कने, देव जाणे.

म्हणजे रस्ता दिसत होता: सिद्धीकडून विनिताकडे, विनिताकडून साईशकडे. पण सिद्धीने लेख विनिताला दाखवला १५ तारखेला, आणि साईशचा पोर्टलवर चढला ८ तारखेला. चोरी होण्याआधी आठ दिवस माल चोराच्या घरी पोचला होता. मी कॉलेजच्या संगणक विभागातल्या शंभूला फोन केला. पोर्टलची तारीख चुकू शकते का, असं विचारलं.

"मॅडम," तो दुखावल्यासारखा म्हणाला, "पोर्टल कधीच चुकत नाही."

५

बुधवारी मी चोपड्याला जायला निघाले. डिचोलीहून म्हापसा, तिथून दुसरी बस. म्हापशाच्या स्टँडवर बस जवळजवळ रिकामी उभी होती. खिडकीच्या सीटवर मी टेकणार, तोच मागची बाई म्हणाली, "बाय, सीट धरलेली आसा. रुमाल दिसना?"

दिसला. चौकटीचा निळा रुमाल. मी निमूट मागे बसले. वीस मिनिटांनी कंडक्टरने घंटी मारली, तेव्हा एक गृहस्थ भजी खात चढले, रुमाल उचलून खिशात घातला आणि जणू पहाटेपासून तिथेच बसले आहेत अशा ऐटीत खिडकीबाहेर बघू लागले. आपल्याकडे रुमालाला माणसापेक्षा मान आहे. बस शिवोलीच्या पुलावर चढली तेव्हा मी ताडकन उठले आणि डोकं वरच्या दांडीवर आपटलं.

शंभूला तिथूनच फोन लावला. "शंभू, पोर्टलवर एकदा फाईल टाकली की ती मागाहून बदलता येते?"

"येते ना."

"आणि तारीख?"

"पहिली टाकली तीच राहते. पोरं तेंच करतात, मॅडम. कोरी फाईल टाकतात आणि मग सावकाश बदलतात. सीट धरतात म्हणा."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"काल तुम्ही तारीख चुकते का विचारलं. तारीख चुकत नाही."

मी मनात शंभूला चार शब्द ऐकवले आणि स्वतःला आठ. मुदत संपेपर्यंत मी एकही फाईल उघडत नाही. ८ तारखेला साईशची फाईल उघडली असती तर कोरा कागद दिसला असता आणि हे रामायण घडलंच नसतं.

पण फाईल बदलता येते म्हणजे ती बदलली होती, असं सिद्ध होत नाही. साईश म्हणेल, मी नाही बदलली. माझ्याकडे फोटो आहे.

साडेबारा वाजता धक्क्यावर पोचले. ऊन असं की डोळे उघडवेनात. आणि नदी जागेवर नव्हती. फोटोत जी होडी वरच्या पायरीला लागली होती, ती आता खाली चिखलात कलंडून पडली होती. सगळ्या पायऱ्या उघड्या, शेवाळाने हिरव्या. लांब, नदीच्या मध्यावर एक बाई गुडघाभर पाण्यात उभी होती. ती चालत नव्हती, पायांनी काहीतरी चाचपत होती. मग वाकली.

मी वाट पाहिली. अर्ध्या तासाने ती टोपली घेऊन वर आली, मला पाहून थबकली. वय पन्नाशीचं, साडी गुडघ्यावर खोचलेली. उजव्या अंगठ्याला चिंधी होती आणि चिंधीला हिरवा काठ.

"तिसऱ्यो जाय?" तिने विचारलं.

"मी सिद्धीची टीचर."

तिने टोपली खाली ठेवली आणि पहिलं काम केलं ते साडी खाली सोडण्याचं. मग चिंधीचा हात पाठीमागे घेतला.

"तिची आई ना तुम्ही?" मी विचारलं.

"चंद्रावती." मग म्हणाली, "तिणें सांगलां तुमकां?"

"नाही. विचारून दमले, पण तिने नाही सांगितलं."

"सांगूची ना ती. शपथ घातल्या मीयां." ती पायरीवर बसली. तिचा घोव गेल्यापासून शेत खंडाने दिलेलं, हातात येतं ते या नदीतलं. सिद्धी पाचवीत असताना वर्गातल्या मुलांनी तिला 'तिसरेवाली' नाव पाडलं होतं. आठ दिवस ती शाळेत गेली नाही. "लिहिच्या आदल्या आयतवारा म्हणाली, आये, तुज्यार लिहितंय. मीयां म्हटलां, लिही, पूण आवय म्हणून लिहिशी तर माजी शपथ. टीचर जातली ती. तिच्या वर्गांतलीं पोरां परत तेंच नांव घेतलीं. तुमी पण कोणाक सांगूं नकात, बाय. उतर दियात."

मी वचन दिलं. काय करणार? बंद जनेलाचा अर्थ आता कळला. त्या खिडकीतून नदी दिसत होती.

उठताना सहज म्हणून विचारलं, "लेखात सकाळी सातची वेळ आहे. आज तुम्ही भर दुपारी कशा उतरलात?"

चंद्रावतीबाय हसली. मी पाळीची आहे, हे तिने त्या प्रश्नावरूनच ओळखलं असावं. "आमचां काम घड्याळार ना, बाय. पाण्यार. फाटल्या बुधवारा पुनव जावन दोन दीस जाल्ले, सकाळीं सातांक सुकती आसली. सुकती रोज पावण तास फुडें सरकता. आज दनपारां आयली." सुकती म्हणजे ओहोटी, एवढं मला कळलं.

"मग आज सकाळी सात वाजता पाणी कुठे होतं?"

तिने उभ्या उभ्या पायाने वरची पायरी दाखवली. "हांगा. तुडुंब."

"आणि दोन आठवड्यांमागे? सात तारखेला?"

तिने बोटांवर तिथी मोजल्या. दुसऱ्या दिवशी तिचा एकादशीचा उपास होता, म्हणून दशमी पक्की आठवत होती. "दशमीक आनी आजच्या नवमीक पाणी सारक्याच वेळार. सकाळीं भरती, दनपारां सुकती. त्या दिसा सातांक थंय उतरपी मनीस बुडतलो."

मी फोन काढला आणि साईशचा फोटो पुन्हा पाहिला. वरच्या पायरीला लागलेली होडी पुन्हा पाहिली. मग तिथेच, भर उन्हात, मोठ्याने हसले.

६

गुरुवारी चार वाजता व्हिडिओवर सगळे जमले: प्राचार्य, शंभू, साईश, विनिता, सिद्धी. सिद्धीचा कॅमेरा बंद होता.

मी साईशला म्हटलं, "तुझा फोटो सगळ्यांना दाखव."

त्याने आनंदाने दाखवला.

"आता तुझ्या लेखाची तिसरी आणि चौथी ओळ वाच."

"सकाळी सात वाजता नदी मागे हटली होती. धक्क्याच्या शेवटच्या पायरीखालीही चिखल दिसत होता."

"फोटोत किती पायऱ्या दिसतात?"

तो फोटोकडे बघत राहिला. एकच पायरी दिसत होती, सर्वांत वरची. तिला लागून पाण्यावर होडी होती.

"तू तिथे होतास," मी म्हटलं, "त्याबाबत तू खोटं बोलला नाहीस. म्हणूनच सापडलास. घरी राहिला असतास तर मला काहीच सिद्ध करता आलं नसतं. ७ मेला सकाळी सातला भरती होती. तुझ्या लेखातली नदी १४ मेची आहे. तू ८ तारखेला कोरी फाईल टाकून सीट धरलीस. १५ ला सिद्धीचा लेख हाती आला. पोर्टलची तारीख ८, म्हणून लेखावर १४ चालेना. बरोबर एक आठवडा मागे नेलास, कारण लेखात बुधवार होता. गुरुवारी आणि एकादशीला कोणी तिसऱ्या काढत नाही, एवढं तुला कळत होतं. वार सांभाळलास बाबा, पण नदी घड्याळ बघत नाही हे आपल्या खाणपट्ट्यातल्या माणसांना ठाऊक नसतं. मलाही काल दुपारपर्यंत नव्हतं."

मग विनिताचा चौकोन उजळला. ती रडत होती.

"मीच दिला, मॅडम. साईश म्हणाला, फक्त बघतो कसा लिहितात तो. हॉटस्पॉट त्याचा. नाही कशी म्हणू?"

साईशने मान खाली घातली. "माझ्याकडे लिहायला काही नव्हतं," तो म्हणाला. एवढंच.

आता सगळं संपलं असं मला वाटलं. पण गोकुळदास सर सावध माणूस. ते म्हणाले, "मॅडम, साईशने उचलला हे पटलं. पण हा लेख सिद्धीचा, याला पुरावा काय? तिनेही कुठून तरी उचलला नसेल कशावरून? ती बाई कोण, हेसुद्धा ती सांगत नाही म्हणता."

मला सगळं माहीत होतं. अंगठा, चिंधी, काठ. आणि मी वचन देऊन बसले होते. शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी वचन मोडावं का, याचा विचार करायला मला पाच सेकंदं मिळाली असतील. मी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात सिद्धीचा कॅमेरा सुरू झाला. मागचं जनेल सताड उघडं होतं. बाहेर नदी होती.

"सर, ती माझी आई," सिद्धी म्हणाली. "चिंधीचा काठ आहे तो तिच्या साडीचा. माझ्या बारावीच्या निकालाला ती नेसून आलेली. वर्गात सांगू नको म्हणून तिने शपथ घातली होती, म्हणून लेखात 'ती बाई' लिहिलं." आणि मग मागे वळून म्हणाली, "आये, तुजी शपथ मोडली मी. कितें करतलंस तें कर."

चौकोनाच्या कडेला कोणीतरी उभं होतं. साडीचा पदर तेवढा दिसला, आणि तो निघून गेला.

सरांनी घसा साफ केला. "शेरा नाही," ते म्हणाले. "सिद्धीच्या नावावर तर नाहीच."

७

अहवालात मी माझी चूकही लिहिली: फाईल वेळेवर न उघडणं, आणि ज्या मुलीला दुसऱ्याच्या नेटवर्कवर बसावं लागतं तिच्याकडे दुसरीचा लेख सोपवणं. विनिताला समज मिळाली. साईशला शून्य मिळालं, आणि ३१ मेपर्यंत नवा लेख लिहायची एक संधी, ती मी भांडून मिळवली. त्याने फोन करून विचारलं, "मॅडम, कशावर लिहू?"

"उद्या सकाळी लवकर उठ आणि अंगणात बस," मी म्हटलं. "तीन गाड्यांची पाच-पाच मिनिटं. ती संपली की बाबा चौथं काय करतात ते बघ."

त्याचा लेख आला. बाबा चौथं काय करतात ते त्यात होतं: पुसलेल्या गाडीत चढून थोडा वेळ नुसतेच स्टिअरिंगला हात लावून बसतात. 'निसर्गरम्य' कुठेही नव्हतं.

सिद्धीने मात्र वेगळीच परवानगी मागितली. "मॅडम, पोर्टलवर फाईल बदलता येते ना? तारीख तीच राहते ना?"

राहते. तिने फाईल बदलली. अकरा जागी 'ती बाई' होतं, तिथे अकराही जागी 'माझी आई' आलं. बाकी एक अक्षर हललं नाही.

सत्राच्या शेवटच्या तासाला मी तिला लेख वाचायला सांगितलं. तिने कॅमेरा लावला आणि हळू आवाजात सुरू केलं. पहिल्या परिच्छेदातच मागून चंद्रावतीबाय आली, टोपली कमरेवर, पाय चिखलाचे. ती थांबली. आम्ही सगळे बघत होतो, ते तिला माहीत नव्हतं.

"माजां नांव घातलंस?" तिने विचारलं.

"घातलां," सिद्धी मान वर न करता म्हणाली.

चंद्रावतीबायने टोपली खाली ठेवली. या वेळी साडी खाली सोडली नाही. जनेलाला टेकून उभी राहिली.

"मगे असां पुटपुटतंस कित्याक?" ती म्हणाली. "मोठ्यान वाच."